उठबस

घरोट. ओसरीच्या कोपऱ्यात मांडलेलं असायचं. आता वरचा दगड अंगणात भिंतीला टेकवलेला, खुंट्याच्या भोकात माती. दळायला बसायचं म्हणजे एक पाय पसरून, एक दुमडून. खुंट्यावर उजवा हात, तो दमला की डावा. खांद्यापासून कंबरेपर्यंत सगळं अंग एका फेऱ्यात फिरायचं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आधी सुटका झाली सुनांची. म्हाताऱ्या डाळ भरडायला, कण्या काढायला बसतच राहिल्या. मिक्सर आल्यावर तेही संपलं. याचं मला फार दुःख नाही. असोद्याच्या लेकीनं, बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१), घरोटाला गाण्यात बसवलं म्हणून आपल्याला पहाटेचं दळण गोड वाटतं. दळणारीला ते कितपत गोड होतं, हे गाणं म्हटल्याशिवाय हात चालत नव्हता यावरून ओळखावं.

सूप. पाखडणं, घोळणं, खडे वेचणं. मनगट, बोटं, नजर. डाळ आता निवडलेली, पाकिटातून येते.

पाट. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या बोदवडकडच्या लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी अजून आहे, पंगत गेली. टेबलखुर्ची, नाहीतर हातात ताट घेऊन उभ्यानं. घरीही जेवण डायनिंग टेबलावर किंवा सोफ्यावर टीव्हीसमोर. पूर्वी दिवसातून दोनदा पाटावर मांडी घालून बसणं आणि उठणं कोणाला चुकत नव्हतं.

पंगतीतून उठणं तर जवळून बघावं असं होतं. उजवा हात वरणा-तुपानं माखलेला. तो जमिनीला टेकता येत नाही. गुडघ्यावर ठेवावा तर धोतर खराब. डाव्या हातात पाण्याची लोटी. म्हणजे दोन्ही हात अडकलेले आणि पोट भरलेलं, अशा अवस्थेत सत्तरीचा माणूस नुसत्या मांड्यांच्या जोरावर उभा राहायचा आणि हात धुवायला चालू लागायचा. त्यात काही विशेष आहे असं कोणाच्या मनातही यायचं नाही.

ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरोच्या क्लॉडिओ जिल अरौजो या डॉक्टरांनी नेमकं हेच मोजायला घेतलं. अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर बसायचं, परत उठायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा. तोल डगमगला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांचा निकाल त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. पुढच्या साधारण सहा वर्षांत, तीन किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांत मरणाचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून जास्त निघालं. यावरून पाटावर बसलं की आयुष्य वाढतं, असं कोणी व्हॉट्सॲपवर फिरवू नये. ज्याचं अंग आतून खचलंय त्याला उठता येत नाही, आणि तोच लवकर जातो, असाही त्याचा अर्थ लागतो. पण उष्ट्या हातामुळे पंगतीतल्या प्रत्येकाचा एक गुण वाचत होता, हे खरं.

बंगई. पायाच्या बोटांनी जमीन रेटत राहायचं. घोट्याला चाळा. कड्या अजून पुष्कळ घरांत तुळईला लटकलेल्या आहेत, फळी नाही.

बाज. काथ्याच्या दोरीनं विणलेली, मधून झोळ पडलेली. तिच्यातून उठायचं तर आधी कडेला सरकायचं, पाय खाली सोडायचे, लाकूड धरायचं, मग उठायचं. ती गेली ते बरं झालं असं म्हणणार होतो. पण तिच्या जागी जे सोफे आलेत ते जास्त खोल आहेत. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढून ताणता यायची. सोफ्याला तशी सोय नाही. खुर्चीवरून उठता येणं ही गोष्ट आता म्हातारपणाच्या डॉक्टरांच्या तपासणीतच आहे: छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं, घड्याळ लावून. जोडीला पायाशी पाय लावून तोल सांभाळणं आणि थोडं अंतर चालून दाखवणं. अमेरिकेतल्या जॅक गुरालनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ही तपासणी बसवली. सामान म्हणून लागतं एक खुर्ची आणि एक घड्याळ. आपल्याकडे म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजतात, साखर मोजतात; उठायला सांगताना मी कोणाला फारसं बघितलेलं नाही.

उंबरठा. फरशी घालताना काढतात. पाय उचलून टाकायची सवय गेली, ठेच लागणंही गेलं. हिशेब बरोबरीत.

मोरी आणि बंब. पहाटे बंब पेटवायचं काम घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पुरुषाचं. पऱ्हाटीच्या काटक्या मोडून घालायच्या, राख काढायची, तोटीखाली बादली धरायची, ती मोरीपर्यंत न्यायची. आता गिझरचं बटण. बटण दाबायलाही त्याला कोणी सांगत नाही, नातू दाबतो.

अंघोळीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या बेंजामिन रोज हॉस्पिटलमध्ये, खुब्याचं हाड मोडलेल्या आणि तशाच इतर म्हाताऱ्या रुग्णांकडे वर्षानुवर्षं बघून, १९६३ साली सहा गोष्टींची यादी केली. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बिछान्यातून उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौच आवरून धरणं, आणि आपल्या हातानं जेवणं. त्यांच्या लक्षात आलं की माणूस हे सगळं एका क्रमानं गमावतो: अंघोळ आधी, जेवण शेवटी. आजारातून उठणारा उलट्या क्रमानं परत मिळवतो, लहान मूल शिकतं त्याच चालीनं. जगभर म्हातारपणाचं स्वावलंबन मोजायला अजूनही हीच यादी वापरतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांची पाहणी केली, तिच्यातही बहुतेक हेच प्रश्न होते. साठीपुढच्या साधारण दर चौघांत एकाला अशी रोजची निदान एक गोष्ट अवघड जाते, असं निघालं.

आपल्या मोरीचा विचार करा. ओला गुळगुळीत दगड, धरायला काही नाही, बसायला बुटका पाट, बादली उचलायची आणि वाकायचं. अंघोळ पहिली का जाते ते कळतं. भिंतीला एक लोखंडी दांडा ठोकून घ्यायला फारसा खर्च येत नाही. बोदवडातल्या नव्या घरांत बाथरूमला छतापर्यंत टाईल्स असतात, दांडा नसतो.

लोटा. पहाटे अंधारात बायकांनी रस्त्याच्या कडेला जाणं संपलं, ही आनंदाचीच गोष्ट. उकिडवं बसणं मात्र घरातल्या संडासात आलं, आणि गुडघे गेल्यावर त्या संडासावर प्लॅस्टिकची भोकाची खुर्ची आली. उकिडवं बसणाऱ्यांचे सांधे चांगले राहतात असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांना बीजिंगची पाहणी दाखवावी. २००१ मध्ये तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांची अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या माणसांशी तुलना झाली. बीजिंगच्या बायकांचे गुडघे जास्त झिजलेले निघाले, आणि तरुणपणी तासन्‌तास उकिडवं बसण्याशी त्याचा संबंध लागला. खुबे मात्र बीजिंगकरांचे कितीतरी चांगले. सांध्यांनी एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. कमोड बसवून घेतलेल्या घरात म्हातारी बाई रात्री कोणाला हाक न मारता जाऊन येते, एवढ्यावर मी कमोडच्या बाजूचा आहे.

निसणी, म्हणजे शिडी. मृगाआधी घराच्या मातीच्या धाब्यावर चढून पांढरी माती पसरायची, गळतीच्या जागा पायानं दाबायच्या. स्लॅब आला. वर जायचं कारण उरलं नाही.

बिबड्या, पापड. चैत्र-वैशाखातलं काम. बोदवडात ऊन पंचेचाळीसच्या आसपास असतं, म्हणून पहाटेच सुरुवात. ज्वारी भिजवून, वाटून, तिचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजवायचा. लाकडी काठीनं घोटत राहायचं, हात थांबला की गाठी. मग गच्चीवर ओलं धोतर अंथरून त्यावर गरम घाटा हातानं गोल पसरायचा, बोटं पाण्यात बुडवत, उकिडवं सरकत सरकत. उडदाच्या पापडाचं पीठ तर मुसळानं कुटायचं. घाटा झाला की नाही, हे फक्त म्हाताऱ्या बाईला कळायचं. काठी उभी राहते का बघून ती सांगायची. आता बचत गटाकडून तयार पापड येतात, चांगले असतात.

हाताची पकड हे मोजायचं माप आहे आणि त्याला किंमत आहे. यंत्राची एक मूठ असते, ती जोरानं दाबायची, काटा किलोत आकडा दाखवतो. भारतासह १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांची मूठ अशी मोजली गेली. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या निष्कर्षानुसार पकड पाच किलोनं कमी असली की मरणाचा धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. घाटा घोटणाऱ्या बायकांची मूठ कोणी मोजली नव्हती. त्यांनी दिलेल्या चिमट्यांवरून अंदाज आहे.

हक्काचं काम. ही वस्तू नाही, पण यादीत हवी. कोणत्या घरात ताक घुसळणं आजीचं, कोणत्या घरात दिवाबत्ती, कुठे गुरांना पेंड, कुठे किल्ल्यांचा जुडगा. म्हातारीनं उठलंच पाहिजे, कारण ती उठली नाही तर ते होणार नाही. आता सगळीकडे ऐकू येतं ते असं:

“माय, राहू दे व. तू बस.”

प्रेमानंच म्हणतात. सून म्हणते, मुलगा म्हणतो, शेजारीण तर कौतुकानं म्हणते की तुमच्याकडे सासूबाईंना काडीचं काम नाही. डॉक्टर म्हणतात आराम करा. या आरामाचं वजन काढलेलं आहे. २००७ साली अमेरिकेत, साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस बिछान्यात ठेवून बघितलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आजारी नव्हती ती माणसं, जखमी नव्हती. नुसती पडून होती.

याची दुसरी बाजू बॉस्टनची. मारिया फियातारोने या डॉक्टरांनी १९९० साली तिथल्या वृद्धालयातल्या दहा जणांना वजनं उचलायला लावली. वयं ८६ ते ९६. बहुतेकांना अनेक दुखणी, काहींच्या हातात काठ्या. आठ आठवडे मांडीचे व्यायाम, तेही लुटुपुटूचे नाहीत, उचलता येईल त्या जास्तीत जास्त वजनाच्या जवळपासचे. जे पुरते टिकले त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद जवळपास एक तृतीयांशानं उतरली. म्हणजे नव्वदीतही अंग कमावता येतं, पण साठवून ठेवता येत नाही. रोज लागतं. आणि रोज करायला माणसाला कारण लागतं. बॉस्टनला कारण म्हणून डॉक्टर समोर उभे होते. बोदवडात ताक होतं.

आमच्याकडे एका नात्यातल्या आजींना फिजिओथेरपीवाल्यानं पाण्यानं भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या दिल्या, रोज दहा वेळा वर-खाली करा म्हणून. त्या म्हणाल्या, “उचलू तं उचलू, पण ठेवू कुठी ते सांग.” उचललेली वस्तू कुठेतरी नेऊन ठेवायची असते, एवढं त्यांना माहीत होतं. बाटल्या खिडकीत राहिल्या.

पायी स्टेशन. बोदवडचं रेल्वेस्टेशन बोदवडात नाही, नाडगावला आहे. भुसावळला जायचं तर म्हातारी माणसंही पिशवी घेऊन पायी निघत. आता रिक्षा. चालण्याचा वेग हाही म्हातारपणाचा एक पारखलेला निकष आहे. ६५ वर्षांपुढच्या ३४ हजारांहून जास्त माणसांच्या नोंदी एकत्र करून २०११ साली अमेरिकेत तो तपासला. नेहमीच्या चालीनं सेकंदाला ०.८ मीटर म्हणजे त्या वयाला साधारण मधलं आयुष्य, त्याहून वेग जास्त तर पुढची वर्षंही जास्त. बोदवडकरांना हे गाडीच्या वेळेवरून कळत होतं. कोण किती आधी घरून निघतं, यावरून वय ओळखायचे.

रेल्वेची सवलत. मार्च २०२० पासून ज्येष्ठ नागरिकांसाठी बंद.

एसटीची पहिली पायरी. ही गेलेली नाही, जायला हवी होती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. आधार कार्ड दाखवायचं. पण आधी चढायचं. लाल गाडीची पहिली पायरी जमिनीपासून एवढी उंच असते की लुगडं वर धरून, दांडा पकडून, मागून कोणी तरी कमरेला हात दिल्याशिवाय बाई वर जात नाही. बसस्टँडवर उभं राहून बघा. काही जणी आधी पिशवी आत फेकतात म्हणजे दोन्ही हात मोकळे होतात. मग गाडी सोडून देता येत नाही. तिकिटाचे पैसे असून चढता येत नव्हतं, आता तिकीट फुकट आहे आणि चढता येत नाही. काठी, वॉकर, चष्मा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांपुढच्या गरजूंना एकदाच तीन हजार रुपये मिळतात. जिथे गाडी उभी राहते तिथे वीतभर उंचीचा एक ओटा बांधला तर हजारो म्हाताऱ्यांची सोय एकदम होईल. पण त्यासाठी अर्ज कोणी करायचा?

काठी. पूर्वी बांबूची, खांद्याएवढी. कुत्री, साप आणि उनाड पोरं यांच्यासाठी. तिच्यावर भार टाकायचा नव्हता. आताची ॲल्युमिनिअमची, भार टाकायची. बहुतेकांची उंचीला जास्त असते. मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी. तेवढी खाली करायला तिला भोकं पाडलेली असतात. दुकानातून आणली तशीच वापरतात.

ओटा. घरापुढचा. तिथे बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा प्रत्येक जण हाक मारायचा, आणि हाकेसरशी निम्मे वेळा उठून चार पावलं जावं लागायचं. ओटे फोडून मोटारसायकलींना जागा केली.

शिरसाळ्याची पायवाट. शनिवारी मारुतीला पायी जाणारे अजून आहेत, साठी-सत्तरीचेही. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून मुक्ताबाईंची पालखी ज्येष्ठात निघते आणि महिनाभर चालून पंढरपूर गाठते. तिच्याबरोबर बोदवडकडच्या म्हाताऱ्या बायका जातात. घरी “पाय गेले माहे” म्हणणाऱ्या जेव्हा दिंडीत जायला निघतात तेव्हा मुलांना राग येतो. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, आधीच अशक्त झालेल्या १,६३५ जणांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना चालण्याचा आणि ताकदीचा नियमित व्यायाम, निम्म्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. २०१४ साली आलेला निकाल: साधारण अडीच वर्षांत चारशे मीटर चालणं अशक्य झालेले, व्याख्यानवाल्यांत ३५.५ टक्के, व्यायामवाल्यांत ३०.१. फरक फार मोठा नाही, पण व्याख्यानांपेक्षा चालणं बरं, एवढं सिद्ध झालं. कीर्तन मात्र दिंडीत चालून झाल्यावरच असतं, म्हणजे आपल्याकडे दोन्ही मिळतं.

हंडा. तो जात नाही. बोदवडात पाण्याची टंचाई जुनी. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, आलं की घरातली सगळी माणसं भरायला. टाकीतून बादली, बादलीतून हंडा. त्या दिवशी कोणी आजीला “बस” म्हणत नाही. हंड्यानं बायकांच्या माना आणि कंबरा किती गेल्या याचा कोणाकडे हिशेब नाही. तो जावा.

कापसाची ओटी. पदर किंवा जुनं फडकं कमरेला बांधून केलेली झोळी. बोंडाला दोन्ही हात घालून कापूस उपटायचा, बोंडाची टोकं बोटांत शिरतात. ओटी भरली की बांधावरच्या ढिगात नेऊन ओतायची आणि परत सरीत. वाकून, सरळ होऊन, परत वाकून, सकाळी नवापासून संध्याकाळपर्यंत. यात अजून सत्तरीच्या बाया आहेत. त्यांची मूठ मोजा, चाल मोजा, जमिनीवरून उठवून बघा, सगळे आकडे उत्तम येतील. पण बॉस्टनचं वजन उचलणाऱ्याला नको म्हणायची मुभा होती. सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे, म्हातारपणाच्या पेन्शनचे, महिना दीड हजार कोणाला मिळतात, कोणाचे कागद अडकलेले असतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि त्याच दिवशी मिळते. फरदडीला, म्हणजे मुख्य हंगामानंतरच्या वेचणीला, बोंडं थोडी आणि चालणं जास्त, म्हणून तेव्हा त्या किलोमागे भाव वाढवून मागतात. शेतकरी नाही म्हणतो. त्या शेताच्या कडेला बसून राहतात, आणि तो कबूल होईपर्यंत उठत नाहीत.